जाणारी शीर

निवृत्ती लोणकर, वय एकावन्न,
सत्तावीस वर्षं कंडक्टर, स्वारगेट ते हडपसर.
डाव्या पायातलं एक हाड आता त्यांच्या जबड्यात आहे,
आणि त्याच्यासोबत आलेला कातडीचा तुकडा
गालाच्या आत शिवलेला.
गळ्यात नळी. बोलता येत नाही.
मला बोलवायचं तर बोटाचा चिमटा
पलंगाच्या दांडीवर वाजवतात.
दोनदा. सवयीनं.

दर तासाला टॉर्च घेऊन मी त्या तुकड्याकडे जाते.
रंग. ऊब. बोटानं दाबलं
तर किती वेळात परत भरतो.
मग पेनाएवढा डॉपलर, थेंबभर जेली,
आणि आतून चुलीवर फुंकणी मारावी तसा आवाज,
फू, फू, फू.
लिहायचं: ठीक. खाली सही, शी. साळवे.

अकरा, ठीक. बारा, ठीक. एक, ठीक.
(एकला मी खोटं लिहिलं नाही.
पण टॉर्चचे सेल उतरले होते,
आणि सहा नंबरच्या आजींना उलटी होत होती.)

दोनला तुकडा जांभळा.
पुरंदरचं अंजीर जास्त पिकलं की साल होते तसा,
फुगलेला, चकचकीत.
आवाज मात्र आहे. फू, फू.
येणारी शीर येतच राहते.
डेपोच्या गेटात एक गाडी आडवी बंद पडली
तरी मागच्या आत शिरतच राहतात,
पुढचं कुणी ओरडून सांगेपर्यंत.

सुई टोचली.
लाल थेंब हवा होता, जरा थांबून येणारा.
काळा आला, घाईघाईनं.

डॉक्टर मुजावर एका पायात मोजा घालून धावत आले.
दोन टाके सोडले, पाहिलं,
फोनवर एवढंच बोलले: सर, शिरेत गुठळी. आत घेतोय.
सर बाणेरला राहतात.
लोणकरांचा मुलगा जिन्यात झोपला होता,
सहीसाठी उठवला, तर म्हणाला,
काल तर चांगलं झालं म्हणालात.

चांगलंच झालं होतं.
केसाहून बारीक दोऱ्यानं,
दुर्बिणीखाली, सरांनी दोन तोंडं जुळवली होती.
आणि तिथेच, रात्री केव्हातरी,
एकच्या आधी की नंतर,
रक्त थबकलं.

पावणेसहाला परत आणलं.
मुजावर चहा घेताना म्हणाले,
तांदळापेक्षा जरा मोठी होती, सिस्टर. एवढीच.
हेपॅरिनच्या पाण्यानं शीर धुतली, नव्यानं जोडली.
वेळेत कळलं तुम्हाला.
मी कप विसळायला उठले.

सहा: फिकट गुलाबी, पेरूच्या गरासारखा. कोमट.
सात: तसाच.
सव्वासातला रेबेका आली, तिच्या हातात
नवे सेल घातलेला टॉर्च दिला.
नुसत्या आवाजावर जाऊ नकोस म्हटलं, रंग बघ.
एकच्या नोंदीबद्दल ती काही विचारणार नव्हती.
मीही सांगितलं नाही.

पर्स खांद्याला लावून निघाले
तर लोणकरांनी डोळे किलकिले केले.
चिमटा उचलला. दांडीवर, टक.

एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला.
एवढं पुण्यात कुणालाही कळतं.

मी तशीच उभी राहिले,
दुसऱ्याची वाट बघत.