पीळ

बाराव्या गोळीनंतर पीळ दिसेनासा होतो.
व्हर्ना हॉगन नळी दिव्यासमोर धरते:
आत राखाडी पापुद्रे,
जुन्या किटलीत क्षार चढावा तसे.
सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात,
इथे सुंभ शाबूत, पीळच बुजत चाललाय.

ग्लेन्डाइव्हच्या बाहेर, वाऱ्याने कुरकुरणारी शेड.
मार्च संपत आलाय, नदीवरचा बर्फ रात्री तडकतो.
डेल्मर गेल्यानंतरचा दुसरा हिवाळा.
मागे उरलं त्याचं रिव्हॉल्व्हर, साचा, बिडाची कढई,
आणि वहीत एकच उपाय, तीनदा अधोरेखित:
शिसं आणखी कडक कर.

केलं तिने.
छापखान्याचे जुने खिळे वितळवले,
साच्यातून गोळ्या थेट गार पाण्यात सोडल्या.
चर्र. चर्र.
नखाने ओरखडा उठेना इतक्या कडक.
नळी भरलेलीच.
मग मेण बदललं, दारू चिमूटभर कमी केली,
तांब्याचा काथ्या ब्रशला गुंडाळून
कितीतरी संध्याकाळी घासत बसली,
वर्तमानपत्रावर चंदेरी कुसळं पडत राहिली.

आज घासायच्या आधी बघते.
टोकाशी नळी लख्ख. म्हणजे मेण पुरतंय.
शिसं साचलंय ते सुरुवातीला,
चक्री सोडून गोळी नळीत शिरते
तिथल्या पहिल्या दोन बोटांत.
मऊ शिशाचा तुकडा ती चक्रीच्या
सहाही घरांच्या तोंडातून ठोकून काढते,
मायक्रोमीटर डोळ्याशी नेते.
डेल्मरच्या गोळ्या बारीक निघतात.
इंचाच्या हजाराव्या भागाने.
पाचव्या घरात दोन.

तेवढ्या फटीतून आग पुढे धावते
गोळीच्या कुशी चाटत,
आणि कडक शिसं फुगत नाही, फट बुजवत नाही,
नुसतं झिजतं, मागे चिकटून राहतं.
आर्नेशीही तो असाच...
जाऊ दे. कढई तापलीय.

दार उघडं टाकून ती नळाचं जुनं शिसं मिसळते,
किंचित कथील. गोळ्या टॉवेलवर आपसूक निवू देते.
गोळ्या मापात आणायची कडी
पॉलिश पेपरने, काठीवर गुंडाळून,
फिरवते, मोजते, फिरवते.

कुरणात सहा. पुन्हा सहा. पुन्हा सहा.
नळीत आकाशाचा एक गोल,
त्याभोवती उजवीकडे वळत गेलेला पीळ.

वहीतलं ती खोडत नाही.
खाली पेन्सिलीने लिहिते: मऊ. एक हजारांश जाड.
पाचवं घर अजून थोडं धरतंय.
उद्या परत मोजणे.