रॅक्लेट, परत ये

सेंत-एतिएन. हॉस्पिटलच्या तळघरातलं स्वयंपाकघर.
पहाटे पाचला ताटं विसळणारे आम्ही दोघं:
मी, आणि कोमोरो बेटांवरचा सोलिही.
त्याचा स्पीकर साबणाच्या डब्यावर,
रोज भिजणारा, तरी न मरणारा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.
विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज,
खाली ढोल, वर दातओठ खाणारे शब्द.
माझं फ्रेंच अर्जापुरतं:
जन्मतारीख, पत्ता, सही इथे, पुढच्या खिडकीवर जा.
तेवढ्यावर मी चाळून चाळून मिळवलं
ती. गेली. तीन हिवाळे. शेजारी.
आणि दर ओळीच्या शेवटी एक नाव,
रॅक्लेट.

बिचारा, मी म्हटलं.

मी तिला केस दिले, तांबूस, मानेपर्यंत.
एक दात किंचित पुढे.
शेजाऱ्याला मिशी दिली आणि मोटार दिली
आणि कढया घासताना त्याच्यावर चडफडलो.
‘तिला पाझर फुटायचा,’ गायक सांगायचा,
‘माझ्यासमोर, हळूहळू, कडेकडेने’
आणि मी वाफेचं निमित्त करून डोळे पुसायचो.
सोलिही खो-खो हसायचा.
मला वाटायचं, किती निर्दय माणूस.

नोव्हेंबरात त्याने जेवायला बोलावलं.
टेकडीवरची इमारत, सातवा मजला, लिफ्ट बंद.
त्याची बायको मुनीरा, तिची मैत्रीण सोलांज, दोन पोरं,
आणि टेबलाच्या मध्यभागी,
इस्त्रीने तव्याशी पळून जाऊन लग्न केलं असतं
तर जे पोर झालं असतं, तसलं एक यंत्र.
‘ही रॅक्लेट,’ सोलांज म्हणाली,
आणि चिमुकल्या पळीत चीज ठेवून आत सरकवलं.

मी बघत राहिलो.
हळूहळू, कडेकडेने
चीजला पाझर फुटला.

तीन हिवाळे!
शेजाऱ्याने नेलं, परत दिलं नाही.
दुसरं कडवं: वायरसकट नेलं.
तिसरं कडवं: वर विचारतो, बटाटे आहेत का घरात?

मी खुर्ची धरली. पोरं घाबरली.
दोन वर्षं या देशात मी हसत होतो ते
सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा,
खिडकीवरच्या बाईंना राग येऊ नये म्हणून.
हे हसू कुणाला न विचारता आलं,
नाकातून, पोटातून, तोंडातल्या बटाट्यासकट.

मग सांगावं लागलं सगळं,
मोडकंतोडकं, हातवारे करत: केस, मिशी, मोटार.
सोलिही जमिनीवर बसला, उठेचना.
मुनीराने मात्र गंभीरपणे विचारलं,
‘पुढे आलेला दात कुठला? डावा?’

रात्री फोनवर बहिणीला ऐकवलं.
चीज, यंत्र, शेजारी, बटाटे.
पलीकडे शांतता.
‘मग? दिलं का त्याने परत?’
‘नाही गं.’
‘तीन वर्षं! सरळ पोलिसात जायचं ना.’

आता पहाटे गाणं लागलं की
मी ठेक्यावर हसतो, एक मात्रा इकडेतिकडे नाही.
फक्त दुसऱ्या कडव्यापाशी
अजून ती दिसते.
तांबूस केस, जिन्यात उभी,
वायर मनगटाला गुंडाळून,
बेल वाजवावी का, ठरवत.