एका हाताने

गावदेवीजवळच्या दुकानदाराने
आधी आवाज वाढवून दाखवला.
डोळे मिचकावले: कडक ना?
मी फोनच्या पाठीवर तळहात ठेवला.
गुदगुल्या झाल्या.
कडक, मी मान हलवली.

मग टीव्ही. मॅच दिसेल, बातम्या दिसतील,
बसमध्ये, संडासात, कुठेही, त्याने हातवारे केले;
हातवारे चांगले होते, शिकवला तर बोलेल.
नखाएवढी बातम्यांची बाई, तोंड उघडत मिटत,
तिच्याखाली धावती पट्टी, मुंग्यांची रांग.
मी बोट वर नेलं,
फोनच्या कपाळावरच्या टिकलीवर,
पुढच्या कॅमेऱ्यावर.
हा चालतो का?

त्याने बिलाच्या पाठीवर लिहिलं:
थ्री-जी दिवाळीनंतर. नक्की.
नक्कीखाली दोन रेघा.

मी दोन फोन घेतले.
बोनस, भिशी, आणि दादाला न सांगितलेले चार हजार.
दोन घेतले म्हणून कव्हर फुकट. एकच.
ते तिच्या फोनला घालून
कुरियरने इचलकरंजीला धाडलं.

दोन वर्षं आम्ही इंग्रजी अक्षरांतून मराठी बोलतोय,
अंगठ्यांनी:
जेवलीस का. हो. तू. हो.
काय. भेंडी.
आमच्या हातांत भेंडीला चिकटपणा असतो,
बोटं सुटता सुटत नाहीत;
नावडती भेंडी वेगळी, तिच्या आईची वेगळी.
एसेमेसात नुसतीच भेंडी.
भांडणसुद्धा धड होत नाही.
ती लिहिते, बरं,
आणि मी ऐरोलीच्या खोलीत रात्रभर
त्या बऱ्याचा चेहरा शोधतो.

आता रबाळ्याहून सुटलो की सराव.
छपाईचं यंत्र दिवसभर पायांतून अंगात चढलेलं,
ते उतरेपर्यंत चहा.
मग उजव्या हातात फोन, उरला डावा.
एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात;
मी एका हाताने 'लग्न' म्हणून बघितलं.
अर्धंच झालं.
हात हवेत तसाच राहिला,
कुणी तरी येऊन धरावा असा.

चौकट लहान आहे.
हात पसरले की बोटं बाहेर सांडतात, वाक्य तुटतं.
म्हणून छातीशी आणून बारीक बारीक बोलतो.
लोक कुजबुज म्हणतात
ती बहुतेक अशीच असावी.
ट्यूबलाइट पाठीशी आली तर मी नुसता काळा डाग,
खरा मुका तेव्हा.
कॉट फिरवली.
फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला, घसरला.
मसाल्याच्या डब्याला टेकवला. राहिला.
दोन्ही हात मोकळे!

तिचा निरोप: पोचला. कव्हर छान.
इथे पण दिवाळीनंतर?
बिलावर नुसतं ठाणं होतं की सगळा मुलूख,
ते मी विचारलंच नव्हतं.
लिहिलं, हो.
एसेमेसात रेघा ओढता येत नाहीत.

तिच्या गल्लीत माग चालतात, जमीन थरथरत असते.
त्यात फोन थरथरला तर कसा कळणार?
पोलक्यात ठेवेन, म्हणाली.
यावर मी दोन दिवस उत्तर दिलं नाही,
सुचलंच नाही.

माझं नाव पगारपत्रकात आहे, बिलावर आहे,
वडिलांच्या आणि आडनावाच्या मध्ये अडकलेलं.
तिच्या बोटात ते एवढंच:
डाव्या भुवईवरच्या खोकेला स्पर्श
आणि ओठांचा एक कोपरा वर.
हे टाइप होत नाही.
दोन वर्षांत मला कुणी लांबून हाक मारलेली नाही.

रोज रात्री डब्यासमोर बसतो.
वरच्या कोपऱ्यात अजून ई.
पडद्यात माझंच थोबाड,
भुवईवरची खोक दिसतेय ना, तेवढं बघतो.
फोनला आता हळदीचा वास येतो.

खोलीतला दिगंबर मोकल कढई तापवून उभा,
फोडणीसाठी डबा मागतो.
मी बोटाने त्याला थांबवतो:
दिवाळीनंतर.