चौथा कोपरा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
मयड्याची केळी आणि चोरीसच्या माळा संपतात तिथं
फेर्मीन गोणपाट अंथरून बसतो.
किल्ल्या हरवलेली कुलपं, एका कानाचे कप,
आणि बुटांच्या खोक्यात उभी लावलेली
लोकांची पत्रं.

मी मजकूर आधी वाचत नाही.
शाई कुठं फुटलीय, दाब कुठं कमी पडलाय ते बघते.
कंपोझिटरच्या मुलीची खोड.

हे कार्ड अँटवर्पचं, एकोणीसशे अकरा.
एका कोपऱ्यात घोड्याची नाल,
दुसऱ्यात चार पानांचं गवत,
खाली डुक्कर, गळ्यात निळी रिबन.
त्या मुलखात म्हणे डुकरानं बरकत येते.
आमच्या परसामागं त्यानं जन्मभर जे निस्तरलं
ते आठवता, पटायला हरकत नाही.

चौथा कोपरा खरवडलेला.
ब्लेडनं, नीट, घाई न करता.
कागदाचा पांढरा रवा अजून बोटाला लागतो.

'कोनसो पाड जाला, बाय,' फेर्मीन म्हणाला,
'वीस रुपया उणे दी.'

कार्ड उलटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं.
उठावाची छपाई मागून खोलगट असते.
पुढून कितीही तासा, खळगा राहतोच.
चार हात. काटकोनात वळलेले, उलट्या दिशेनं.
उलटं वाचायला मला बाबांनी शिकवलं होतं
शाळेत सुलटं शिकण्याच्या आधी.

बाबांकडं एकच स्वस्तिक होतं, शिशाचं,
त्याचा एक हात झिजून आखूड झालेला.
अर्ध्या बार्देसची लग्नं त्या आखूड हाताखाली लागली.
एकदा घाईत ते
कायतान पोदेराच्या कॅलेंडरवर बसलं,
सायबिणीच्या शेजारी.
बाबा पैसे परत घेऊन गेले.
कायतान म्हणाला, राहू दे,
परवापासून पाव बरे फुगतायत.

आई मात्र कागदांना भ्यायची.
हळदीचं बोट लागलेली पत्रिका थेट देवापुढं.
कोपरा फाडलेलं कार्ड उंबऱ्याच्या बाहेरच,
उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं,
मग आंघोळ.
पोस्टमन शांबा ते हातात देत नसे,
सोप्यावर ठेवून, मान फिरवून, सायकल ढकलत जाई.

आता मजकूर.
एस्पेरांस कुतिन्हो, आसगाव.
रोमी अक्षरं, कोळशाच्या हातांची:
हांव बरो आसां. भियेनाका.
भुरग्याक उमो.

ते भुरगें पुढं तारवटी झालं असेल का?
ते चिन्ह झेंड्यावर चढलं,
समुद्राच्या पोटातून बोटी फोडत फिरलं,
तेव्हा तो कुठल्या बोटीच्या भटारखान्यात
कांदे चिरत होता?
आणि तार आल्यावर तिनं
नवऱ्याचं दाढीचं पातं शोधलं?
की नातवानं शाळेतून येऊन हे केलं,
की कुणी पाद्रीबाबानं?
मला काही ठाऊक नाही. मी कागद ओळखते फक्त.
एवढं दिसतं की फाडलं नाही. जाळलं नाही.
नाल ठेवली, गवत ठेवलं,
डुक्करसुद्धा ठेवलं.

वीस रुपये मी कमी केले नाहीत.
फेर्मीनला वाटलं, बाईला हिशेब येत नाही.

घरी आले तेव्हा तिन्हीसांज.
सून आतून विचारते, काय आणलंत?
मी दारात.
हे कार्ड देवापुढं ठेवायचं त्यांतलं
की बाहेर वाचायचं त्यांतलं,
आईला विचारायला हवं होतं.
अंगठा मागच्या खळग्यावर,
चपला पायात,
सून पुन्हा विचारते.