नऊ येऊच शकत नाही

वसमतला मे महिन्यात हवाच हळदीची,
शिंकसुद्धा पिवळी.
कन्याशाळेच्या दोन नंबरच्या वर्गात
आम्ही तेवीस जणी, नववी-दहावीच्या,
एकवीस दिवसांच्या गणित शिबिराला.
"सुट्टीत कसलं गणित," चुलती म्हणली,
"नापास झालीस का काय?"

आठव्या दिवशी उंबरे मॅडमनी वह्या मिटायला लावल्या.
उठा, हात मिळवा.
जिच्याशी वाटेल तिच्याशी, वाटेल तितक्या जणींशी,
एकीशी एकदाच. आपापलं मोजा फक्त.

आधी लाजलो.
हात मिळवणं पुढाऱ्यांचं काम, नाहीतर क्रिकेटवाल्यांचं.
मग दीक्षानं त्रिवेणीचा हात धरला तो सोडेचना,
बाकं सरकली, कुणाची तरी बांगडी पिचली,
अरफा थेट हळदीच्या पॉलिशवरून आलेली,
तिनं धरला तो हात पिवळा.

कुणाचे सहा, कुणाचे अकरा,
माझे तीन.
"विषमवाल्या उभ्या राहा."
नऊ जणी.

मॅडम फळ्याकडं बघत राहिल्या.
"नऊ येऊच शकत नाही."

एक हात मिळाला की दोघींच्या खात्यात एकेक पडतो,
म्हणून सगळ्यांची बेरीज समच,
म्हणून विषमवाल्या जोडीनंच असणार,
पोरी तेवीस असोत की तेवीस हजार.
खडूच्या तीन ओळी.
मला वाटलं, आपण जन्मलोच नसतो
तरी हे असंच असतं.

पुन्हा मोजलं. नऊच.
लाइट गेलेली, पंखा अर्ध्यात थांबलेला.
त्रिवेणी म्हणली, मॅडम, तुमचा नियम
आपल्याकडं चालत नसंल.

"नियम चालतो. मोजायचं कुणीतरी सुटलंय."

तेव्हा अरफानं दाराकडं बघितलं.
दारात मैना, खिचडीवाल्या गयाबाईची,
कळशी टेकवून.
रोजच असायची. आम्हाला दार दिसायचं
तशी दिसायची.
आमच्याच वयाची. शाळा सातवीत सुटली.
"हिच्याशी पण मिळवला मी," अरफा म्हणली,
"उभी होती म्हणून."

मैनानं मूठ पाठीमागं नेली.
मग आणली पुढं, उघडली.
तळवा पिवळा.

फळ्यावर चोविसावं नाव: मैना, एक.
दहा.

ती आत यायला अजून तीन दिवस लागले.
शेवटच्या बाकावर बसली, कळशी पायाशी,
आणि बराच वेळानं, मान वर न करता, विचारलं,
जिच्याशी कुणीच हात मिळवला नाही
ती सम धरायची
का विषम?