जुनी पट्टी

सिव्हिलच्या एकोणीस नंबरच्या खोलीत
मी दिवसाला चाळीस छात्यांना जेली लावते.
गार लागेल, असं आधीच सांगते,
तरी सगळे दचकतात.
घड्याळ, करदोडा, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवा.
बोलायचं नाही, हलायचं नाही,
श्वास घ्या नेहमीसारखा.
नेहमीसारखा म्हणजे कसा,
ते नेमकं तेव्हाच कुणाला आठवत नाही.

रंगनाथ त्र्यंबक तांबट, वय सदुसष्ट.
तक्रार : सराफ बाजाराचा चढ चढताना जबडा दुखतो.
दाढ असेल म्हणून
दोन दाढा काढून झालेल्या.

कागद सरकू लागला.
गुलाबी चौकटींवर काळी रेघ,
आणि जिथे सुईसारखा शेंडा हवा
तिथे पसरट उंचवटा, मधोमध चेपलेला,
हंडा पायरीवरून गडगडून पोचा यावा तसा.

मला वाचता येतं, सांगता येत नाही.
‘डॉक्टर सांगतील’
एवढंच माझ्या पगारात बसतं.

तो उठून बसला, बटणं उघडीच,
पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाला,
‘बाई, आत घण किती?’
दोन, मी म्हटलं. डावा आणि उजवा.
एकदमच पडायला हवेत.
‘मग डावीकडचा गडी उशिरा मारतोय.’
मी मशीनच्या तारा गुंडाळत राहिले.

डॉक्टर आहेरांनी विचारलं, जुना ईसीजी आहे का?
बिघाड आजचा असेल तर आत्ता धावायचं,
जुना असेल तर बसून बोलायचं.
होता जुना. बारा वर्षांपूर्वीचा,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाकिटात
नीट चौघडी घातलेला.
उलगडला तर कोरा.
त्या कागदावरचं उन्हाळ्यागणिक उडत जातं,
ट्रंकेत ठेवलं तरी.
कोपऱ्यात नाव तेवढं राहिलेलं, बॉलपेनचं.
अक्षर माझं होतं.

कोऱ्याशी काय ताडून बघणार?
धावलो.

अँजिओग्राफीनंतर आहेर सांगत होते,
हृदयाच्या मधल्या पडद्यातून वीज उतरते,
पडद्याला रक्त पाजणारी नळी जवळजवळ बुजलेली.
त्याची बायको, कलावतीबाई, पदराला हात पुसत म्हणाली,
‘म्हणजे लाइट गेली का पाणी गेलं?’
आहेर जरा थांबले.
पाणी गेलं म्हणून लाइट गेली, असं वाटतं.
ती म्हणाली, ‘एकलहऱ्यासारखं.
गंगेला पाणी नाही, तर भट्टी पेटवून काय करता.’
पण दर वेळी असं नसतं, ते म्हणाले,
कित्येकांच्या नळ्या धुतल्यासारख्या
आणि तार तरी तुटलेली.
म्हणून आत जाऊन बघावं लागतं.
हे तिला पटलं नाही. मलाही
नीटसं कधी पटलेलं नाही.

स्टेंट बसला. जबडा थांबला.
चढ चढू लागला तो, मधे एकदा टेकून.
रेघ मात्र तशीच राहिली,
पोचा तसाच, डावा गडी उशिराच.
उपाशी राहिलेलं सगळंच
पाणी आलं म्हणून पुन्हा उठत नाही.
मी त्याला बजावलं, ही पट्टी झेरॉक्स करून ठेवा,
पुढच्या वेळी विचारतील.
‘झेरॉक्स,’ तो म्हणाला, आणि हसला.

तीन महिन्यांनी, मंगळवारच्या ओपीडीत
माझ्या टेबलावर त्याने फडकं सोडलं.
आत तांब्याचा पत्रा, वीतभर.
चाळीस वर्षं ज्या कलमाने
त्याने लोकांच्या मुलींच्या भांड्यांवर नावं घातली,
तारखा घातल्या, ‘मामाकडून’ घातलं,
त्याच कलमाने ठिपक्या-ठिपक्यांनी
काढलेली ती रेघ.
चौकटी मोजून. खाच खाचेच्या जागी.
खाली नाव, वय, तारीख,
आणि अगदी बारीक : बाईंच्या मशीनवरून.

मी जेली लावली.
गार आहे, म्हटलं. तो दचकला.
नवी पट्टी बाहेर आली तशी
आहेरांनी ती पत्र्याशेजारी धरली,
चष्मा वर केला,
तांब्यावर नख ठेवून
एक एक ठिपका सरकत गेले.

बाहेर चौतीस नंबर पुकारला जात होता.