सांदवाडी

आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमागे
सहा हात रुंद, अकरा हात लांब जागा
चार वर्षं नुसती पडून होती.
तुटका पाळणा, आधीच्या डॉक्टरांच्या स्कूटरचा टायर,
सलाइनच्या रिकाम्या बाटल्या
आणि गाजरगवत, न बोलावता आलेलं.

माझी झाडं आजवर सगळी तेलाच्या डब्यात.
कोरफड, गवती चहा, एक रागीट मिरची.
आठ बदल्यांत आठ वेळा टेम्पोत बसलेली,
वळणावर एकमेकींचा आधार घेत.

होळीच्या तिसऱ्या दिवशी कुदळ मागायला गेले
तर सायत्राबाई भोयर दारातच हसली.
"सुई धरल्यावानी नोको धरू बाई,
ते तुह्याच पायावर पडंल."
आणि पदर खोचून स्वतःच आली.

पहिला घाव जमिनीने परतवला,
दारावरून उधारी मागणाऱ्याला परतवावं तसा.
मग न्हाणीचं पाणी दोन रात्री सोडलं.
तिसऱ्या पहाटे माती हलली,
कूस बदलल्यासारखी, कुरकुरत.
आतून निघाली एक निळी गोटी,
दहा पैशाचं नाणं,
आणि गांडूळ एकच, बिचकलेलं.
ते मी ओंजळीने परत झाकलं.

बी सायत्राबाईच्या लुगड्याच्या गाठीतलं,
राखेत घोळलेलं: ढेमसं, चवळी, दोडका.
"पैसे नोको.
एक दोडका येलावरच वाळू दे,
तोडू नोको. तेवढा माहा."

तुराट्यांचं कुंपण केलं. कोंबड्यांनी ते
दरवाजा समजून वापरलं.
भेंडीची पहिली ओळ त्यांची, दुसरी वानरांची.
तिसरी मी लावलीच नाही.

मोहाच्या दिवसांत पहाटे ओपीडी ओस.
अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली वाकलेलं,
वाऱ्यालाही तो गोड, जड वास.
त्या रिकाम्या तासात मला सुचलं
ते खरं तर आधीच सुचायला हवं होतं.
बाटल्या धुतल्या, कमच्यांना उलट्या टांगल्या,
नळीचं चाक अंगठ्याने फिरवलं
आणि सवयीने घड्याळ पाहिलं:
मिनिटाला वीस थेंब.
ढेमशाला पंधरा. त्याची तब्येत नाजूक.

गाव बघायला आलं.
पोरं म्हणाली, झाडं ॲडमिट झाली.
दादाजी मेश्रामने तर
दोडक्याला डबा आणू का विचारलं.
मी वॉर्डातून येता-जाता
पानाची शीर चिमटीत धरून पाहायचे.
कोणी बघत नसेल तेव्हा.

चैत्र सरला. ऊन आता
पत्र्यावर बसून वाट बघतं.
दुपारी पानं कान पाडतात,
रात्री नऊनंतर हळूहळू उचलतात.
चवळी दोनदा शिजली,
ढेमसं पाच लागली, मसाला भरून
एक सायत्राबाईकडे, एक दवाखान्याच्या शिपायाला,
बाकी मी उभ्यानेच खाल्ली, कढईतून.

बदल्यांची यादी या महिन्यात लागते.
डबे तयार आहेत, नेहमीसारखे.
मिरची तर निघालेलीच असते मनाने.
पण हे, जे जमिनीत घातलंय,
याला खालून पकडलंय कुणीतरी.
तोललं तर अकरा हात लांब,
कोणत्या टेम्पोत घालू?

साहेबांना फोन करावा का, हा विचार
दोनदा केला, दोनदा पाणी घातलं.

तो एक दोडका मांडवावर लटकतोय,
बोटभर होता तो हातभर झाला,
शिरा उठलेल्या, म्हाताऱ्या मनगटासारख्या.
सायत्राबाई कुंपणावरून बघून जाते,
विचारत काही नाही.
वाळला की हलवल्यावर आत बी वाजेल म्हणे.

रोज सकाळी ड्युटीआधी
मी कानाजवळ नेऊन हलवते.
आजही हलवला.
अजून ओला आहे.